दीड तासाचें माहेर

मुंबई आणि नागपूर येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारें ६८५ किलोमीटर आहे. कसारा घाट चढून भुसावळ-वर्ध्यावरून जाणारा लोहमार्ग सुमारें ८३७ किलोमीटरांचा आहे. आगगाडीला रात्रभर लागते. विमान दीड तासांत पोंचतें. त्यावरून नागपूरचें माहेर दीड तासावर आलें, असें घरोघर म्हटलें जातें.

हा हिशेब अपुरा आहे. मुंबईच्या गर्दींतून विमानतळ गांठणें, तपासणीसाठीं दोन तास आधीं हजर होणें, उतरल्यावर सामानाची वाट पाहणें आणि सोनेगांवाहून घरीं जाणें, हें सारें मिळवलें म्हणजे पांच-सहा तास होतात.

तरीहि माहेरीं वडील अत्यवस्थ असतां हे वांचलेले तास अमोल होत. मात्र रात्रीचें शेवटचें विमान निघून गेलें असेल, तर त्या वेगाचा उपयोग नाहीं; तेव्हां मिळेल ती गाडी हाच जवळचा मार्ग ठरूं शकतो. म्हणून शेवटचें विमान केव्हां, शेवटची गाडी केव्हां आणि दारापासून दारापर्यंत वेळ किती, हें कर्त्या मंडळींनीं आधींच कागदावर मांडून ठेवावें. ऐन वेळीं मन स्थिर राहत नाहीं.