आधी मोजा, मग वाढा

नेरुळमध्ये राहायला आलेल्या माणसाला वर्षभरात दोन गोष्टी जडतात. पत्ता विचारला की रस्त्याऐवजी सेक्टर नंबर सांगायची सवय, आणि एखादं मांजर. सवयीला इलाज नाही. मांजराबद्दल मात्र बोलायला हवं, कारण मध्यंतरी आमच्या सोसायटीतल्या दोन नव्या भाडेकरू मुलींनी मला जिन्यात गाठलं. "काकू, खालच्या मांजरांना आम्हीपण खायला घालू का? काय घालायचं असतं?"

काय घालायचं, हे सगळेच विचारतात. त्याचं उत्तर दोन मिनिटांत संपतं, म्हणून ते मागे ठेवते. आधी ही मांजरं इथे आली कुठून ते.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली आणि खाडी, मिठागरं, भातखाचरं यांच्या जागी हे शहर उभं राहिलं. खाली पार्किंग नि वर घरं, पावसाचं पाणी भरतीच्या वेळी थोपवायला होल्डिंग पॉण्ड, त्यांना येऊन मिळणारी गटारं, जागोजागी मासळी बाजार. उंदरांची सोय झाली, पाठोपाठ मांजरांची. वाशीच्या एपीएमसीत धान्याच्या पोत्यांमागून मांजर निघालं तर कुणी हाकलत नाही, तिथे ते कामावर असतं. आमच्याकडे ते गाडीवर झोपतं, म्हणून गुन्हेगार.

खालची मांजरं दोन जातकुळींची असतात. एक, जी कधीतरी कुणाच्या घरात होती. आपल्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा; तो संपला की टेम्पो येतो, फ्रिज जातो, कुंड्या जातात आणि मांजर राहतं. असं मांजर शेपटी उभी करून ओरडत पायांत येतं. दुसरं गाडीखालीच जन्मलेलं, माणसाचा हात न लागलेलं. ते ओरडत नाही. चार गाड्या सोडून बसतं, आपण वाटी ठेवून मागे सरलो की येतं. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणूस ओळखीचा झाला तर झाला, पुढे ते दार जवळजवळ बंद होतं. नव्याने खायला घालू लागलेल्याला हे फार लागतं. "मी रोज हिच्यासाठी मासे आणते आणि ही माझ्यावरच फिस्कारते!" फिस्कारू दे. मोठं झालेलं रानटी मांजर मांडीवर यावं म्हणून त्याच्या मागे लागू नये. माणसाळलेलं असेल त्याला घर शोधावं, पिल्लं लहान असतील तर त्यांनाही. उरलेल्यांनी आपल्याला ओळखलं नाही तरी चालतं.

म्हणून मी त्या मुलींना खाण्याऐवजी वही दिली. आधी आठवडाभर नुसतं मोजा. ठरलेल्या वेळी, एकाच फेरीत. नाहीतर सकाळी मीटर रूमपाशी दिसलेली काळी आणि रात्री जनरेटरवर दिसलेली काळी यांच्या दोन काळ्या होतात. रंग लिहा, अंगावरचे ठिपके लिहा, कान बघा. कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर त्या मांजराचं ऑपरेशन झालेलं आहे. भुलीखाली असतानाच डॉक्टर तेवढा तुकडा काढतात, म्हणजे पुन्हा कुणी पकडून फाडू नये. लांबून नर-मादी कळत नाही, पण रंग थोडी मदत करतो. काळा, पांढरा नि भगवा असे तिन्ही रंग एकाच अंगावर असले तर ती मादी, अपवाद अगदी दुर्मीळ. भगवा-काळा ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग दिसायला दोन एक्स लागतात. पूर्ण भगवा दिसला तर बहुतेक बोका. तेव्हा तिरंगी मांजरी वहीत सगळ्यात वर.

वर का, याचा हिशेब असा. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गाभणपण साधारण त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांचं. एका वेताला तीन-चार पिल्लं सहज, आणि अंगावर पिल्लं पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरांचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. थंड देशांत हिवाळ्यात तो थांबतो, आपल्याकडे दिवस फारसे आखूड होतच नाहीत, त्यामुळे हंगाम लांबतच जातो. आता या मांजरीला रोज पोटभर खायला घाला. ती धडधाकट होते, जास्त पिल्लं जगवते, शेजारच्या कंडोमिनियममधले बोके येतात. मग पावसाळ्यात पॅनल्यूक या विषाणूजन्य रोगाची साथ येते आणि निम्मी पिल्लं दोन दिवसांत ओकून, ढाळून मरतात. माझं मत अनेकांना कडू लागतं, पण सांगते: ऑपरेशन करायची तयारी नसेल तर वाटी ठेवूच नये. कनवाळूपणाच्या नावाखाली आपण पुढच्या वर्षीच्या मरणांची संख्या वाढवत असतो.

आता पकडण्याचं. प्राणिसंस्था अनामत घेऊन पिंजरा देतात. लांबट, एका बाजूला पडतं दार, आत पायपट्टी. आदल्या रात्री खाणं बंद. हे फक्त आपण बंद करून भागत नाही. प्रत्येक इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजी असतात, ज्यांना रात्री दहा वाजता वाटतं की आज बिचारी उपाशी आहेत, आणि खिडकीतून बांगड्याची मुंडकी खाली येतात. आजींना आधी विश्वासात घ्यायचं. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र अंथरायचं, कारण जाळीवर पाय ठेवायला मांजर बिचकतं. आमिष म्हणून परदेशी डब्यांच्या भानगडीत पडू नये, तव्यावर नुसता भाजलेला सुका बोंबील पुरतो; त्याचा वास अख्ख्या पार्किंगला बोलावून आणतो. एक तुकडा दाराशी, एक मध्ये, मोठा पायपट्टीच्या पलीकडे. आणि लांब जाऊन बसायचं.

दार पडलं की आतलं मांजर वेड्यासारखं उसळतं. नाक आपटतं, पंजे रक्ताळतात. नवखा माणूस इथे कळवळून दार उघडतो. तसं न करता जुनी चादर टाकायची, चारही बाजूंनी झाकेल अशी. अंधार झाला की मिनिटभरात आतला धडधडाट थांबतो, एवढा की हे जिवंत आहे ना म्हणून कोपरा उचलून पाहावंसं वाटतं. उचलू नये. रिक्षावाल्याला आधीच सांगावं की काय नेतोय, वासाबद्दलही. डॉक्टरांकडे वेळ घेतलेली असावी. पिंजरा हातात घेऊन दवाखाने शोधत हिंडणं त्या जनावराला परवडत नाही. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून जनावरांसाठी उभं आहे, मुंबई महापालिकेनेही कुत्र्यांपाठोपाठ मांजरांची नसबंदी काही वर्षांपूर्वी हाती घेतली. तरी खाडी ओलांडून नेण्याआधी आपल्या भागातल्या डॉक्टरांना विचारावं, रस्त्यावरच्या मांजरासाठी बरेच जण दर कमी करतात. बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो. मांजरीच्या पोटावर टाके असतात, तिला काही दिवस ठेवून घ्यावं लागतं, आणि ती जागा ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरलेली हवी. पिल्लं पीत असतील तर ती दोनेक महिन्यांची होईस्तोवर थांबावं. सोडायचं मात्र जिथून उचललं तिथेच.

हे शेवटचं वाक्य सोसायटीच्या सभेत सांगून बघा. "मग उपयोग काय? पोत्यात घालून मासळी बाजाराजवळ सोडून या की!" हा आपल्याकडचा पारंपरिक उपाय. पण रिकामी जागा रिकामी राहत नाही. उंदीर तेच, कचऱ्याचे डबे तेच, गाड्यांची सावली तीच. थोड्या दिवसांत दुसरी मांजरं येतात, तीही ऑपरेशन न झालेली. उलट कापलेल्या कानाची मांजरं आपला इलाका धरून बसतात, नवागताला सहजी शिरू देत नाहीत आणि स्वतः वाढत नाहीत. रात्रीचं रडणं थांबतं. बोका जिन्यात जी धार मारतो तिचा तो डोकं उठवणारा वासही बराच कमी होतो. सभेत हाच मुद्दा चालतो. भूतदयेवर बोलाल तर लोक घड्याळ बघतात, वासावर बोलाल तर ऐकतात.

कायदा आपल्या बाजूला बऱ्यापैकी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० चा, आणि जनावराला जिवे मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा. नसबंदीच्या २००१ च्या नियमांच्या नावातच कुत्रे होते, २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून ते गेले. या नियमांत रस्त्यावरच्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवायला सांगितलं आहे: जिने, ये-जा करायची दारं आणि मुलांची खेळायची जागा टाळून, वेळ ठरवून, नंतर स्वच्छता करून. पण हे कागद पहिल्याच दिवशी काढू नयेत. सीवूड्सच्या एका मोठ्या वसाहतीत कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून २०२१ मध्ये रहिवाशांना लाखांत दंड लागले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि पुढे एका रहिवाशाच्या परिपत्रकातल्या न्यायाधीशांविषयीच्या मजकुरावरून थेट न्यायालयाच्या अवमानापर्यंत पोचलं. सुरुवात कशावरून, तर वाटी कुठे ठेवायची! मी मुलींना सांगितलं, पहिल्या महिन्यात हातात झाडू दिसू दे. वाटी अर्ध्या तासात उचलायची, खाली सांडलेलं पुसायचं, वॉचमनदादांना नावानिशी विचारायचं. ज्यांच्या गाडीवर ओरखडे आले ते गृहस्थ शत्रू नाहीत, त्यांना गाडीचं जाड कव्हर सुचवा. आणि पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला पिल्लं बॉनेटखाली शिरतात, तेव्हा गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला त्यांनाच सांगा. आमच्याकडे हे काम सर्वात मनापासून करणारे काका मांजरांचे कट्टर विरोधक आहेत.

आता खाण्याचं. दूध नको, मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही. उकडलेलं कोंबडीचं मांस किंवा मासे, हाडं काढून, मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता. नाहीतर पाकिटातलं कोरडं खाणं. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवावी. बाजूला स्वच्छ पाणी. संपलं उत्तर.

औषधांचं त्याहून महत्त्वाचं. तापलेल्या मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीत मांजर मरू शकतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे थेंबही मांजराला विष आहेत. चावलं, ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जायचं. "घरचंच आहे हो" म्हणत थांबू नये.

या शहरात एक गोष्ट आणखी बघावी लागते. सीवूड्सच्या डीपीएस तलावावर, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागे, खाडीकाठच्या पाणथळीत हिवाळ्यापासून रोहित आणि किनाऱ्यावरचे बारके पक्षी उतरतात. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. ते खेळ नि सराव म्हणून मारतं, भूक नसली तरी. मांजरप्रेमी मंडळींना हे ऐकायला आवडत नाही. याच कारणाने न्यूझीलंडने २०२५ मध्ये रानटी मांजरांना संपवायच्या भक्षकांच्या यादीत घातलं. इटलीत १९९१ पासूनचा कायदा मोकळ्या मांजरांच्या वस्तीला तिच्या जागी राहू देतो, त्यांची नसबंदी करतो. आपल्याला इटलीचा रस्ता बरा, पण पाणथळीच्या कडेला वाटी ठेवायची नाही, एवढी मर्यादा आपणच घालून घ्यायची. जॉगिंग ट्रॅकवर पिशव्या रिकाम्या करणाऱ्यांना मी टोकते. त्यांना ते आवडत नाही.

मुली टिकल्या. वही भरली, तिरंगी दोन्ही मांजरींचे कान कापून झाले. गणपतीत निम्मी इमारत कोकणात जाते, तेव्हा कोण घालणार याचं वेळापत्रकही त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि त्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींना चक्क रात्रपाळी दिली. आता अडलंय ते एका नव्या बोक्यापाशी. रुंद गालांचा, दोन्ही कान शाबूत. तो कुंपणापलीकडच्या सोसायटीतला. तिथे त्याला एक गृहस्थ रोज पापलेट घालतात आणि ऑपरेशन म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध असं ठाम मानतात. येत्या रविवारी मुली त्यांच्याकडे जाणार आहेत. पापलेटचे भाव बघता ते बोलायला तयार असतील, असा माझा अंदाज आहे.