वर्गातला कौल आणि शेतातली सरासरी

बुलडाणा, विशेष प्रतिनिधी : एक रुपयातील पीकविमा योजना राज्य सरकारने बंद केली आणि खरीप २०२५ पासून विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. सोयाबीन आणि कपाशीवर अवलंबून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात त्यामुळे 'नमुना' आणि 'सरासरी' हे पाठ्यपुस्तकातील शब्द थेट शेतकऱ्याच्या हिशेबात येऊन बसले आहेत. हे शब्द जेथे शिकविले जातात, त्या संख्याशास्त्राच्या वर्गात मात्र फळ्यावर सूत्र, वहीत उदाहरण आणि परीक्षेत उत्तर असाच प्रघात पुष्कळदा दिसतो. 'समजले का?' या प्रश्नावर सारा वर्ग होकारार्थी मान डोलावतो. कोणाला काय समजले नाही, हे थेट उत्तरपत्रिकेतच कळते.

या मौनावर उपाय म्हणून 'क्लिकर' पुढे आला. शिक्षकाने प्रश्न विचारायचा, प्रत्येक विद्यार्थ्याने हातातील यंत्राचे बटण दाबायचे आणि वर्गाचा कौल क्षणार्धात पडद्यावर उमटायचा, अशी ही पद्धत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून तिला शिस्तबद्ध रूप दिले. आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर द्यायचे, मते विभागलेली दिसली तर शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि मग पुन्हा कौल द्यायचा, असा तो क्रम आहे. मुंबई आयआयटीत विकसित झालेली 'सेफ' ही प्रणाली हेच काम विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर करते. 'प्लिकर्स'मध्ये तर विद्यार्थ्याला मोबाइलही लागत नाही. हातातील छापील कार्ड ज्या बाजूने धरले जाते, त्यावरून उत्तर ठरते. शिक्षकाचा एकच मोबाइल साऱ्या वर्गाची कार्डे टिपतो. नेटवर्क आणि विजेचा भरवसा नसलेल्या भागात ही सोय मोलाची ठरते.

मात्र, खरा कस प्रश्नाचा लागतो. समजा, एका महसूल मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि कापणी प्रयोगांतून सरासरी ८ क्विंटल निघाली. एका शेतकऱ्याच्या हाती ३ क्विंटलच आले. त्याला विमा संरक्षित रकमेच्या किती टक्के भरपाई मिळेल? 'सत्तर' हे उत्तर अनेकांच्या ओठांवर येईल. योग्य उत्तर वीस आहे, कारण भरपाई मंडळाच्या सरासरीवर मिळते. चुकीच्या उत्तरांचा ढीग पडद्यावर दिसला, की सरासरीआड काय दडते आणि प्रयोगाचे शेत यादृच्छिक पद्धतीनेच का निवडायचे, ही चर्चा आपोआप सुरू होते. नमुना पद्धतीने पीक उत्पादनाचा अंदाज बांधण्याचे शास्त्र देशात रुजविणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही मराठी नावे अग्रभागी होती, हेही विद्यार्थ्यांना सांगता येईल.

जिल्ह्यातील दुसरे उदाहरण ताजेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अचानक केसगळतीचे रुग्ण आढळले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिचा संबंध रेशनच्या गव्हातील सेलेनियमशी जोडला. असा निष्कर्ष पडताळताना केवळ बाधितांचीच तपासणी पुरेशी आहे का, की तोच गहू खाऊनही बाधा न झालेल्यांचीही हवी? सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक शिकविण्यास याहून जवळचा प्रश्न मिळणार नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. चर्चेला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम मागे पडण्याची धास्ती राहते. चार पर्यायांत विद्यार्थ्याची विचारपद्धती पूर्णपणे उमटत नाही. कौलाचा उपयोग हजेरीसाठी वा गुणांसाठी झाला, तर विद्यार्थी शेजाऱ्याचे पाहून उत्तर देतील आणि मूळ हेतूच हरवेल. शिवाय, बहुसंख्यांचे उत्तर चुकले असता नियोजित पाठ बाजूला ठेवून मागे वळण्याची तयारी शिक्षकाकडे हवी.

अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. त्याला अपेक्षित असलेले कृतिशील शिक्षण महागड्या 'स्मार्ट' वर्गखोल्यांची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. छापील कार्डांचा खर्च किरकोळ आहे. खरी गुंतवणूक चांगले प्रश्न तयार करण्यात आणि त्यासाठी शिक्षकांना वेळ देण्यात करावी लागेल. मंडळाच्या सरासरीला उद्या आव्हान देण्याची वेळ आली, तर ती कशी काढली हे विचारू शकणारा तरुण गावात असणे ही आता चैन राहिलेली नाही.