शुक्रवारचा दणका
शुक्रवारची सुट्टी सोडली, तर मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही. संवाद ऐकू यावेत म्हणून टीव्हीचा आवाज चढाच. शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला, त्या गावाला घरीही थिएटरचा दणका हवाच. पण सबवूफर आणतात हौसेने आणि जोडतात कसाबसा. खरं तर होम थिएटर रिसीव्हरच्या ‘सब आउट’मधून एकच आरसीए केबल सबवूफरच्या ‘एलएफई’मध्ये जाते. मग सबवूफरची क्रॉसओव्हरची कळ शेवटपर्यंत फिरवून ८० हर्ट्झची सीमा रिसीव्हरलाच आखू द्यावी. दोघांनीही गाळलं, की मधला खर्ज गायब. जुन्या स्टिरिओला ‘सब आउट’ बहुधा नसतं. तिथे स्पीकरच्याच तारा सबवूफरच्या हाय-लेव्हल इनपुटला न्यायच्या, आणि मूळ स्पीकर जिथे दमतात तिथे कळ ठेवायची. कोपऱ्यात ठेवल्यावर दणका वाढतो, हे दुकानदार सांगतो. आपल्या सिमेंटच्या खोलीत तो नुसता घुमतो, हे सांगत नाही. सतत घरघर येत असेल, तर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावून पाहावीत. अर्थिंगची पिन काढण्याचा गल्लीतला उपाय मात्र जिवावर बेतू शकतो.