पेटीची किल्ली कोणाकडे?

एमपी४ ही केवळ पेटी. चित्र आणि ध्वनी तीत स्वतंत्र प्रवाहांत ठेवलेले असतात. त्यांचा आकार घटवतो तो कोडेक. काही चौकटी संपूर्ण साठवून उरलेल्यांतील फक्त बदल तो नोंदवतो. ही युक्ती मात्र पेटंटांनी जखडलेली असते. २०१३ साली आलेल्या एचईव्हीसीचे परवाने अनेक पेटंटसमूहांत विखुरले आणि उत्पादकांना एकाच तंत्रासाठी अनेक दारे ठोठवावी लागली. त्यावर उतारा म्हणून गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स आदींच्या आघाडीने २०१८ मध्ये स्वामित्वशुल्कमुक्त एव्ही१ आणले. पण त्यावरही पेटंटचे दावे झालेच. एमपी३चे परवाने २०१७ मध्ये संपले, तेही मुदतीमुळे, औदार्यामुळे नव्हे. सार्वजनिक ठेवा जपणाऱ्यांनी म्हणूनच पेटीचे नाव पाहून थांबू नये. किल्ली कोणाच्या हाती आहे, हेही तपासावे.