घर राखायचं, पण हद्द ओळखून



हल्ली पोडावर, गुड्यावर बैठक झाली आणि जमिनीचं बोलणं संपलं, की तरुण पोरं हमखास विचारतात, "रात्री घरात कोणी घुसला तर मारायचं की नाही? आणि झोपड्या मोडायला आले तर?" पोरं दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात. कायद्यात मात्र त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकत्र केली की आपला माणूस जेलात जातो.

आधी चोर-दरोडेखोराचं बघू. आपला जीव, दुसऱ्याचा जीव, घर, धान्य, ढोरं वाचवायला बळ वापरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आधी तो दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आकडे बदलले, हक्क तोच. दरोडा पडला, दिवस बुडाल्यापासून उगवेपर्यंत कोणी घर फोडून आत शिरला, राहत्या घराला आग लावली, बाईवर बलात्कार करायला आला, किंवा आता जीव जाईल, जबर दुखापत होईल अशी खरीच भीती उभी राहिली, तर प्रतिकारात समोरचा मेला तरी कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही.

पण या हक्काला हद्द आहे. गरजेपेक्षा जास्त मारता येत नाही. पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर बोलवायचंच. दिवसा वावरातला कापूस चोरणारा जिवावर उठला नसेल, तर त्याला अडवा, पकडा, पण त्याचा जीव घेता येत नाही. आणि धोका टळला की हक्क संपला. चोर कुऱ्हाड घेऊन उभा आहे तोवर आपला वार हा बचाव. तो माल टाकून पळाला, खाली पडला, खांबाला बांधला गेला, की त्यानंतरची प्रत्येक काठी हा आपला गुन्हा. बचावासाठीच मारलं, हे कोर्टात आपल्यालाच दाखवावं लागतं.

ही हद्द ओलांडली की काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या बाजारात पोरं पळवणारे समजून भटक्या समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठार मारलं. ते भिक्षा मागणारे गरीब लोक होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच अफवेपायी मारले गेले. शंभरावर माणसं अटकेत गेली, त्यांत अल्पवयीन पोरंही होती. दोन्ही गावं आपल्यासारखीच आदिवासी गावं. तिथंही लोकांना वाटलं होतं की आपण आपली लेकरं राखतो आहोत. म्हणून गावात जागल ठेवा, पण अनोळखी माणूस दिसला तर आधी विचारा, बसवून ठेवा, ११२ ला फोन करा.

आता दुसरा प्रश्न. वर्दीतला माणूस कामावर असताना झोपडी मोडायला आला, तर त्याचं वागणं कायद्याला धरून नसलं तरी, त्यानं ते सद्भावनेनं केलं असं कोर्टाला वाटलं आणि जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती नव्हती, तर कलम ३७ आपल्याला हात उचलू देत नाही. एक दगड गेला की कलम १३२ लागतं, सरकारी नोकरावर हल्ला. मग जमिनीचा दावा बाजूला राहतो आणि आपण जामिनासाठी बैल विकतो.

इथं आपलं हत्यार दुसरं आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५): दाव्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय वनजमिनीवरून कोणाला उठवता येत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवायला सांगितलं, तेव्हा देशभर लोक एक झाले, आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं तो आदेश थांबवला.

तेव्हा पथक आलं तर सगळं गाव, बायामाणसं धरून, रिकाम्या हातानं उभं राहा. लेखी आदेश मागा. दाव्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव दाखवा. मोबाईलवर चित्रण करा, मोडतोडीचा पंचनामा मागा. बिगर आदिवासी माणसानं बेकायदेशीर हुसकावलं, वनहक्कात अडथळा आणला, तर अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला मिळकत न बघता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज करा.

घर राखणारा माणूस जेलात बसला तर घर राखणार कोण? हा अंक येत्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा, आणि दाव्याची पोच घरात कुठं ठेवली आहे ते आजच पाहून घ्या.