नाग नदी, गिट्टीचा वाफा आणि 'सरासरी'चा घोळ

गेम खेळताना सरासरी पिंग ४० दिसतो. पण ऐन मोक्याला तो ४०० वर उडी मारतो आणि तुमचा खेळ खलास! तिथे सरासरी काही कामाची नसते. सांडपाणी साफ करणाऱ्या 'हिरव्या' प्रकल्पांचंही अगदी असंच आहे, आणि नागपूरकरांनी ते समजून घ्यायलाच हवं.

मुद्दा काय?

शहरातून वाहणारी नाग नदी आज नाल्यासारखी दिसते. तिचं पाणी पुढे कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्द धरणात जातं. म्हणजे आपण इथे फ्लश केलं की त्याचा त्रास भंडाऱ्याकडच्या लोकांना. केंद्राने २०२२ मध्ये नाग नदीसाठी सुमारे १,९०० कोटींचा प्रकल्प मंजूर केला. पण मोठे एसटीपी आणि मलवाहिन्या व्हायला वर्षं लागतात. मग सोसायटी, कॅम्पस, छोटे नाले यांचं काय?

इथे नागपूरच्याच नीरी संस्थेचं 'फायटोरिड' तंत्र आठवतं. गिट्टी भरलेला वाफा, त्यात कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडं, आणि गिट्टीच्या फटींतून हळूहळू सरकणारं सांडपाणी. गिट्टीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खातात. वीज अगदी कमी लागते.

खरा खेळ वेळेचा

आपण एक वाफा मानूया: २० मीटर लांब, १० मीटर रुंद, पाणी ०.६ मीटर खोल. एकूण १२० घनमीटर. पण त्यात गिट्टी आहे, पाण्याला जागा साधारण ४० टक्केच, म्हणजे ४८ घनमीटर. रोज २४ घनमीटर सांडपाणी सोडलं, तर ते सरासरी २ दिवस आत राहील.

घाण ठरावीक दराने कमी होते असं धरू (दर रोज १.२). सगळं पाणी बरोबर २ दिवस थांबलं, तर १०० भाग घाणीतले फक्त ९ उरतात. मस्त!

आता एका बाजूला गिट्टीत गाळ अडकला. पाणी मोकळ्या बाजूने पळतं. समजा ३० टक्के पाणी अर्ध्या दिवसातच बाहेर पडलं आणि उरलेलं २.६ दिवस रेंगाळलं. सरासरी तीच, २ दिवस. पण आता बाहेर येणारी घाण ९ नाही, १९ भाग! कागदावर काहीच बदललं नाही आणि प्रदूषण दुपटीहून जास्त झालं.

म्हणूनच इंजिनिअर वाफ्याचं मॉडेल बनवतात. गिट्टीतून पाणी किती वेगाने जाईल याचा मूळ नियम फ्रान्सच्या हेन्री डार्सीने १८५६ मध्ये मांडला. आज हायड्रससारखी सॉफ्टवेअर त्यावर जिवाणूंची प्रक्रियाही जोडतात. पण मॉडेल खरं की खोटं, हे तपासायला साधी युक्ती आहे: आत मिठाचं पाणी सोडा आणि बाहेर सेन्सरने ते कधी, किती येतं ते मोजा. मीठ फार लवकर दिसलं, तर समजा चोरवाट आहे.

आणि नागपूरचा उन्हाळा?

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. वाफ्यातलं पाव पाणी हवेत उडालं, तर उरलेल्या पाण्यात क्षारांचं प्रमाण एक तृतीयांशाने वाढतं. पावसाळ्यात उलट: पाणी धो-धो आत शिरतं आणि थांबण्याची वेळच घटते. युरोपातल्या थंड हवेवर बसवलेले आकडे इथे जसेच्या तसे उचलून चालत नाहीत.

मग आपण काय करायचं?

तुमच्या सोसायटीत किंवा कॉलेजात असा वाफा होणार असेल, तर फीत कापायच्या आधी तीन प्रश्न विचारा. मिठाची चाचणी झाली का? मे आणि जुलैचे आकडे वेगळे काढले का? गिट्टी तुंबली तर ती कोण, कोणत्या पैशाने साफ करणार?

कर्दळीची फुलं छान दिसतात, फोटोही मस्त येतो. पण गोसीखुर्दला पोहोचतं ते पाणी. तेच मोजायला हवं.