लकव्याचीही वस्तीवार मोजणी करा

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत वाशीम तालुक्यातल्या एका वस्तीतून सकाळी आम्हाला फोन आला. बेचाळीस वर्षांचे, गवंडीकाम करणारे भाऊ. रात्री जेवताना हातातला घास पडला, तोंड वाकडे झाले. घरच्यांना वाटले, अंगावरून वारं गेलं. रात्रभर तेल चोळले. सकाळी कुणी कबुतराचे रक्त लावायला सांगितले. दवाखान्यात पोचेपर्यंत चौदा तास उलटले होते. त्यांची बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद होती. का, असे विचारले तर वहिनी म्हणाल्या, "गोळीसाठी गेलं की रोजी बुडते, ताई. अन् त्यांना बरंही वाटत होतं."

आधी वॉर्डात आणि आता वस्त्यांमध्ये फिरताना, हातीपायी धड असलेली कमावती माणसे चाळिशी-पन्नाशीत खाटेला खिळलेली आम्ही पाहतो. लोक म्हणतात, नशीब. माणसांनी लादलेल्या गोष्टीला नशीब म्हणायचे नाही, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. मग लकव्याच्या बाबतीतच का म्हणायचे?

अमेरिकेत 2003 साली 'रिगार्ड्स' नावाचा अभ्यास सुरू झाला. 45 वर्षांवरील सुमारे 30 हजार काळ्या आणि गोऱ्या लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. अगदी म्हातारपणी दोघांत फारसा फरक उरत नाही. पण 45 ते 54 या कमावत्या वयात काळ्या लोकांना लकवा होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहूनही जास्त निघाले. उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी शिक्षण, कमी उत्पन्न यांतून या फरकाचा मोठा भाग समजतो. म्हणजे खोट रक्तात नाही, जगण्यात आहे.

आपल्या देशातही असेच चित्र आहे. उत्तर आणि पूर्व भारतातल्या नऊ राज्यांच्या 2010-11 च्या सरकारी पाहणीवरून अभ्यासकांनी 2022 मध्ये दाखवले, की दलितांचे आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आहे आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक. केवळ गरिबीने यातला निम्मा फरकही समजत नाही. आणि आपल्या विदर्भात, गडचिरोलीच्या 86 गावांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सातातला एक मृत्यू लकव्याने झालेला आढळला. बहुतेक माणसे घरातच गेली.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. आपल्या जिल्ह्यात कोणत्या वस्तीत, कोणत्या वयात, किती जणांना लकवा झाला, हा हिशेब आपल्यासमोर मांडला गेलाच पाहिजे. आकडा नसला की साहेब म्हणतात, तक्रार कुठे आहे?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. 30 वर्षांवरील प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई त्यासाठी घरोघरी फॉर्म भरतात. त्याचा वस्तीवार गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवा. बीपीची गोळी उपकेंद्रात पूर्ण महिन्याची द्या, आणि बाजारच्या दिवशी किंवा संध्याकाळी द्या, म्हणजे रोजी बुडणार नाही. तिसरी मागणी, रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असते, हे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहा.

ही तिसरी मागणी जिवाची आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही स्कॅन करूनच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय वाशीमहून सुमारे 80 किलोमीटर. 2024 मध्ये वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचा उपयोग मानोरा, रिसोडच्या वस्तीतल्या माणसाला मध्यरात्री किती होतो, हे आपणच विचारत राहिले पाहिजे.

मागण्या करताना आपल्या घराकडेही पाहू. खर्रा आणि मिसरी सोडा. ताटातले वरचे मीठ, लोणचे, पापड कमी करा. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. बीपी वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही. दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर बीपी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. वर्गणीतून एक मशीन सहज येते. ती वहीच उद्या आपला आकडा होईल.

आणि तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर घड्याळ पाहा आणि 108 ला फोन करा. तोंडात पाणीही घालू नका. तेल, रक्त, अंगारा काही नको. गेलेला तास परत येत नाही.

जयभीम.